साथीच्या दिवसांतील आंजर्लें

आमच्या जुन्या कागदांत साथीचा उल्लेख बहुधा एका ओळीचा असतो. मरी आली, वाखा झाला, गांव उठून गेला, एवढें लिहून कारकून पुढें वसुलाच्या किंवा वतनाच्या प्रकरणास लागतो. त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. त्याचें काम जमाखर्चाचें, आणि मेलेलें कूळ म्हणजे त्याच्या दृष्टीनें बाकी पडलेली रक्कम. परंतु गांव उठून गेला म्हणजे नेमकें काय झालें, चूल कोठें पेटली, विहिरीवर कोण गेलें, दुभतीं गुरें कोणीं सांभाळलीं, मेलेल्यास खांदा कोणीं दिला, या प्रश्नांस सनदा व महजर उत्तर देत नाहींत. प्रस्तुत टिपणांत दापोली तालुक्यांतील आंजर्लें हें एकच गांव आणि शके १८१८ पासूनची प्लेगची, शके १८४० ची इन्फ्लुएंझाची व शके १९४२ ची कोरोनाची अशा तीन साथी घेऊन या प्रश्नांचा विचार केला आहे. पहिल्या दोन साथींविषयींचें लिखाण मुंबई इलाख्याच्या प्रसिद्ध हकीकतींवर व वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवर आधारलेलें आहे. तिसरी साथ आम्हीं स्वतः पाहिली. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

प्रथम शब्दांकडे पाहूं. मरी व वाखा हे शब्द पेशवाईंतील पत्रांत भेटतात. पटकीस लोक जरीमरी म्हणत व तिला देवता मानून वेशीबाहेर पोंचवीत. देवी या रोगाचें तर नांवच देवतेचें. पोथ्यांच्या गठ्ठ्यांतून शीतलाष्टकाच्या नकला निघतात त्या याच कारणानें. प्लेग आला तेव्हां शिक्षितांनीं त्याचें ग्रंथिक सन्निपात असें बारसें केलें, पण सामान्यांच्या तोंडीं गांठीचा ताप हेंच राहिलें. १९१८ च्या इन्फ्लुएंझास लोकांनीं मानमोडी म्हटलें. या देशी नांवांत रोगाच्या कारणाविषयीं कांहीं नाहीं. माणूस कसा पडतो एवढेंच त्यांत आहे, आणि पाहणाऱ्यास तेवढेंच ठाऊक होतें. कोरोना हा शब्द मात्र बाहेरून तयार आला, आणि त्याच्या पाठोपाठ विलगीकरण हा सरकारी शब्दहि आला. तो पाटीवर व परिपत्रकांत राहिला. आंजर्ल्याच्या पाखाडींत आम्हीं ऐकलें तें 'शाळेंत ठेवलंय' एवढेंच.

आंजर्लें जोग नदीच्या मुखाशीं, तिच्या उत्तर तीरावर आहे. दक्षिणेस खाडीपलीकडे हर्णै व समुद्रांत सुवर्णदुर्ग, उत्तरेस केळशी, आणि डोक्यावर कड्यावरचा गणपति. खालीं नारळी-पोफळींच्या वाड्या, जांभ्याचे गडगे, घरोघर बेडें, व वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद पाखाड्या. पूल होण्यापूर्वीं खाडी तरीनें ओलांडावी लागे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, पाठीशीं डोंगर. असा गांव साथीच्या वेळीं बंद करून घेणें सोपें, असें नकाशा पाहणाऱ्यास वाटेल. प्रत्यक्षांत तसें कधींच झालें नाहीं, कारण गांवाचा चरितार्थ गांवांत नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यांतील माणसें पोटासाठीं मुंबईस जातात, हें १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरांतहि नमूद आहे. गिरण्या, गोदी, पोलीस, छापखाने, घरगुती चाकरी या सर्व ठिकाणीं त्या काळीं या एका जिल्ह्याइतकीं माणसें दुसऱ्या कोणत्याहि जिल्ह्यानें पुरविलीं नाहींत. आगबोट हर्णैसमोर खोल पाण्यांत उभी राही आणि उतारू होड्यांतून किनाऱ्यास येत. ज्या वाटेनें मनीऑर्डर येई त्याच वाटेनें रोग येई. एक घेऊन दुसरा नाकारणें गांवास शक्य नव्हतें, आणि गांवकऱ्यांनीं साथीच्या दिवसांत जें जें केलें तें या अडचणींतून वाट काढण्यासाठीं केलें, असें आमचें मत झालें आहे.

शास्त्रकारांनीं या अडचणीचा विचार केला होता काय? चरकसंहितेच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायाचें नांव जनपदोद्ध्वंसनीय. ज्यांची प्रकृति, आहार, बल, वय हीं सर्व भिन्न, तीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कशीं मरतात, हा अग्निवेशाचा तेथील प्रश्न आजहि विचारण्याजोगा आहे. वायु, उदक, देश व काल हीं चार सर्वांस समान असल्यामुळें, असें आत्रेयांचें उत्तर. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायांत उपाय सांगतांना शांतिकर्म, प्रायश्चित्त, जप, होम यांच्याहि आधीं स्थानपरित्याग हा शब्द घातला आहे. जागा सोडा, मग बाकीचें. या क्रमाकडे आमच्या वैद्यमित्रांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. पण सुश्रुताचा उपदेश निघणाऱ्यास आहे. तो ज्या गांवीं जाऊन उतरेल त्या गांवानें काय करावें, याविषयीं तेथें एक अक्षरहि नाहीं. मुंबईचा स्थानपरित्याग म्हणजे कोंकणांतलें आगमन. आंजर्लें सदैव या दुसऱ्या बाजूस उभें राहिलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. धान्याच्या वखारी, गलबतांचा माल व उंदीर तेथेंच. पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेआठ लाख वस्तीच्या शहरांतून चार लाखांच्या आसपास माणसें निघून गेलीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा; उतारूंची तपासणी करणें, त्यांस वेगळें ठेवणें, जहाजें अडविणें हें सर्व त्यांतून सरकारास करतां येई. पुण्यांतील रँडशाही, घरांची झडती, २२ जूनची गणेशखिंडींतील रात्र हें वाचकांस पूर्ण परिचित असल्यामुळें त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. मात्र इतिहासकारांचें सर्व लक्ष त्या रात्रीकडे गेल्यामुळें त्याच वर्षीं खेड्यांतील घराघरांत काय चाललें होतें तें अंधारांत राहिलें, एवढें म्हणणें भाग आहे.

प्लेगांत सामान्य माणसानें जो उपाय केला तो सुश्रुताचाच. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, रानांत किंवा माळावर झोपडी घालावी, आणि साथ सरेपर्यंत तेथें राहावें. प्लेगचा जंतु १८९४ सालीं सांपडला होता, पण उंदरावरील पिसवांमार्फत तो माणसास लागतो हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. तोंपर्यंत सरकार कार्बोलिकानें भिंती धूत होतें आणि लोक मुकाट्यानें घर सोडून जात होते. दोहोंत शहाणपण कोणाकडे अधिक होतें तें वाचकांनींच ठरवावें. आंजर्ल्याहून कांहीं कोसांवर असलेल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० सालीं पुण्यांतून हिंगण्यास गेला, त्यासहि पुण्यांतील प्लेगच कारण झाला. रावबहादुर गोखल्यांनीं दिलेल्या जागेवरील झोपडीपासून त्या संस्थेचा नवा आरंभ आहे. साथीनें माळावर नेलेलीं पुष्कळ माणसें साथ संपल्यावर परत घरीं आलीं. ही एक संस्था तेथेंच रुजली.

मुंबईहून आलेल्यास किनाऱ्यावरील घरांत कसें घेत, याविषयीं आम्हीं लहानपणीं वृद्धांकडून जें ऐकलें त्यांत बराच मेळ आहे. आलेला मुलगा एकदम माजघरांत येत नसे. बेड्यापाशीं पाय धुवावे, कपडे तेथेंच भिजत घालावे, आणि पडवींत किंवा वाडींतल्या खोपींत कांहीं दिवस राहावें. पान तेथेंच वाढलें जाई व वाढणारीनें वरून वाढावें. या पद्धतीस कोणत्याहि डॉक्टरानें जन्म दिला नव्हता. ती सोवळ्याची व अशौचाची रीति होती, प्रसंगास अनुसरून वळविलेली. दहा दिवस मोजणें, त्या अवधींत अमुक भांड्यास न शिवणें, बाजूस बसणें हें घरांतल्या लहान मुलासहि ठाऊक असल्यामुळें नवीन कांहीं शिकवावें लागलें नाहीं. अशौचाच्या आचारांत आणखी एक गोष्ट आहे व ती आम्हांस दूर राहण्याइतकीच महत्त्वाची वाटते. ज्या घरीं सुतक त्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजाऱ्यानें पिठलें-भात आणून द्यावयाचा असतो. वेगळें बसविलेल्यास खाऊं घालण्याची जबाबदारी न बसलेल्यावर टाकलेली आहे. नुसतें दूर ठेवणें हा आचाराचा अर्धाच भाग झाला.

सोवळ्याची ही बाजू सांगितली तर दुसरीहि सांगितली पाहिजे. ज्यांना वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस दूर ठेवलें जाई त्यांना साथीच्या दिवसांत शेजाऱ्याचा पिठलें-भात येत नव्हता. सार्वजनिक विहिरीस हात लावण्याची त्यांस मोकळीक नव्हती, आणि तापानें फणफणलेल्या घरास कोणी पाणी ओतील तेव्हां पाणी. येथून जवळच्या महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीं झाला, म्हणजे मानमोडीनंतर नऊ वर्षांनीं. आणि तो करणाऱ्या डॉक्टर आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवें हें शेजारच्या मंडणगड तालुक्यांतलें. साथींत पाण्यावांचून गेलेल्यांची मोजदाद कोणत्याहि दप्तरांत निराळी केलेली नाहीं.

मानमोडीच्या वेळीं मात्र सुश्रुतहि उपयोगी पडला नाहीं. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईस गोदीवरील कांहीं पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले. ती लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. पाऊस त्या वर्षीं बुडाला होता, महायुद्धामुळें धान्य व कापड आधींच महाग झालें होतें. हिंदुस्थानांत या साथीनें सव्वा कोटीच्या आसपास माणसें नेलीं असा त्या वेळचा अंदाज. पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा पुष्कळ वर नेला आहे. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या घटली. १८८१ पासूनच्या नियमित खानेसुमारींत असें दुसऱ्यांदा झालेलें नाहीं. पावसाळ्यांत कोंकणची आगबोट बंद असे व पाऊस सरतां ती पुन्हां सुरू होई. रोगाची दुसरी लाट आणि बंदरें उघडणें हीं दोन्ही एकाच सुमारास आलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे किनाऱ्यावरील गांवांस तयारीस किती थोडा अवसर मिळाला तें कळतें.

प्लेगांत घर सोडून पळतां येत होतें; हा ताप वाऱ्यावर होता. त्यांत घरेंच्या घरें एकदम पडत. आमच्या आजीचें वय त्या वेळीं बारा-तेरा वर्षांचें. ती सांगे कीं, घरांत नऊ माणसें अंथरुणावर आणि उभी ती एकटी. पेज शिजविणें, गाईला पाणी दाखविणें, व दिवसांतून दोनदां गडग्यावरून शेजारच्या घरास हांक मारून तेथें कोणी ओ देतें कीं नाहीं हें पाहणें, एवढीं तीन कामें तिच्याकडे होतीं. ओ आली नाहीं तर काय करावयाचें हें तिला सांगून ठेवलेलें नव्हतें. या हकीकतींत स्मरणाच्या चुका असतीलहि, परंतु गडग्यावरून हांक मारण्याची गोष्ट आम्हीं आणखी दोन घरांतून स्वतंत्रपणें ऐकली आहे. या रोगांत विशेष करून वीस ते चाळीस वयाचीं, अंगानें धडधाकट माणसें गेलीं. मनीऑर्डर पाठविणाऱ्यांचें वय तेंच. म्हणून किनाऱ्यावरच्या घरांत मानमोडी दोनदां आली असें म्हटलें पाहिजे: एकदां तापानें, आणि पुढील महिन्यांत पोस्टमन बेड्यावरून न थांबतां पुढें गेला तेव्हां. मुंबईंत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था व ज्ञातिमंडळें औषध व दूध घेऊन चाळींतून हिंडलीं. गांवाकडे पोंचलेली मदत म्हणजे शेजारी.

अंत्यविधीचा प्रश्न कठीण होता. चार खांदे मिळेनात, तेथें दहा दिवस व तेरा दिवस कोण पाळणार? याविषयीं शास्त्र समजतें त्याहून उदार आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रायश्चित्ताध्यायाच्या आरंभींच्या अशौचप्रकरणांत देशविप्लव व कष्टाची आपत्ति या प्रसंगीं सद्यःशौच सांगितलें आहे, म्हणजे तत्काळ शुद्धि. मिताक्षरा न वाचलेल्या शेतकऱ्यानेंहि तेंच केलें. स्नान करून तो पुन्हां दुसऱ्याच्या तिरडीस हात लावावयास गेला.

आतां तिसऱ्या साथीकडे वळूं. शके १९४२ चा वर्षप्रतिपदेचा दिवस २५ मार्च २०२० हा होता, आणि संपूर्ण देशांतील टाळेबंदीचा पहिला दिवसहि तोच. संवत्सराचें नांव शार्वरी, म्हणजे रात्रीचें. शके १८४० चें नांव कालयुक्त व १८१८ चें दुर्मुख. पंचांगवाल्यांनीं यावरून पुष्कळ तर्क केले. आम्हांस त्यांत तथ्य वाटत नाहीं. राक्षस व रौद्र या नांवांचीं संवत्सरेंहि साठ वर्षांनीं येतात आणि बहुधा निमूट जातात. त्यापेक्षां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, महाराष्ट्र सरकारानें त्या मार्चांत जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. एकशें तेवीस वर्षांत प्लेग गेला, राज्य गेलें, आगबोटहि गेली, कायदा राहिला.

टाळेबंदीचा हुकूम घरींच राहा असा होता. मुंबईंतल्या चाकरमान्यास तो कळला, पण कोणतें घर? आमच्या बोलींत मुंबईस खोली असते, बिऱ्हाड असतें. घर गांवाला असतें. दहा बाय बाराच्या खोलींत सात माणसें व मजल्यास एक संडास अशा जागीं राहणाऱ्यानें घरीं जाण्याची धडपड केली, त्यांत त्याच्या भाषेप्रमाणें हुकुमाची अवज्ञा नव्हती. परवाना मिळाला ते गाडीनें आले. कित्येक महामार्गानें, कित्येक रुळांच्या कडेनें पायीं आले. रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीवर कशेडीस तपासणी नाका होता. कांहीं जण मासेमारीच्या होड्यांतून किनाऱ्यास लागल्याचीं वृत्तें त्या वेळीं वर्तमानपत्रांत आलीं, म्हणजे पाण्याची जुनी वाट पुन्हां उघडली.

कोंकणांतील अनेक गांवांनीं रस्त्यावर झाडें आडवीं टाकलीं, बांबू बांधले, पाट्या लावल्या. त्यावर शहरांतून पुष्कळ टीका झाली. ज्यांच्या पैशावर देवळांचे जीर्णोद्धार होतात, ज्यांच्यावांचून शिमग्याची पालखी उचलली जात नाहीं, त्यांस वेशीवर अडवावें हें टीकाकारांस कृतघ्नपणाचें वाटलें. आम्ही दोन्ही बाजूंस ओळखतों व दोहोंचेंहि भय खरें होतें असें सांगतों. गांवांत राहिलेलीं माणसें बहुतेक म्हातारीं होतीं, दवाखाना दूर होता, आणि हा रोग या वेळीं म्हाताऱ्यांस नेत होता. १९१८ च्या उलट. तोडगा निघाला तो जुनाच. जिल्हा परिषदेच्या शाळा, सुट्टी पडलेल्या, रिकाम्या. आलेल्यास चौदा दिवस तेथें ठेवावें. ग्राम कृतिदलानें नांव, आल्याची तारीख, गाडीचा क्रमांक वहींत लिहावा. डबा घरून यावा, फाटकाशीं ठेवावा, आणणारानें मागें सरावें, मग आंतल्यानें उचलावा. बेड्याच्या जागीं शाळेचें फाटक आलें एवढाच फरक. आम्हीं ज्या शाळा पाहिल्या त्यांत फळ्यावर दिवस मोजलेले होते, आणि एके ठिकाणीं मुलांची पाण्याची टांकी आलेल्यांनींच घांसून ठेविली होती. कडवटपणाहि होता. भावानें डबा आणला पण भावजयीनें तो भरला नाहीं, अशा गोष्टी कानांवर आल्या, आणि जमिनीच्या जुन्या वांट्यांचे वाद त्या डब्यांतून वर आले. शाळेचें फाटक मोकळें झाल्यावरहि ते मिटले नाहींत.

हंगाम आंब्याचा होता. वाशीचा बाजार कधीं चालू, कधीं बंद, आणि पेट्या भरून तयार. बागाईतदारांनीं मुंबई-पुण्याच्या वसाहतींशीं दूरध्वनीवरून परभारें व्यवहार केला; मे महिन्यांत एस्. टी. नें मालवाहतूक सुरू केली व रत्नागिरीच्या पेट्या तिनें मुंबईकडे नेल्या. दलालांवांचून आंबा विकतां येतो, हें पुष्कळांस त्या वर्षीं प्रथम कळलें. एकंदरींत मे अखेर गांव तग धरून आहे असें म्हणतां आलें असतें.

३ जून २०२० रोजीं दुपारीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगराकडून किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर. मुरुड, हर्णै, आंजर्लें, केळशी या पट्ट्यांतील पोफळी कांहीं तासांत आडव्या झाल्या. ज्या उभ्या राहिल्या त्यांचे शेंडे मोडले. कौलें उडालीं, पत्रे परक्याच्या वाडींत जाऊन पडले, विजेचे खांब वांकले, आणि दापोली-मंडणगडाकडे कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारांत होत्या. दोन दिवसांनीं वटपौर्णिमा, आणि त्यामागें पाऊस. परस्परांपासून सहा फूट राहण्याचा नियम त्या दिवशीं संपला. पाखाडींत आडवा पडलेला माड दोन माणसांनीं उचलत नाहीं. जे चाकरमानी गांवांत अडकून पडले होते त्यांच्याच हातांनीं वाटा मोकळ्या झाल्या व छपरांवर ताडपत्र्या चढल्या. महिन्यापूर्वीं ज्यांना फाटकाबाहेर थांबा म्हटलें, त्यांना आतां शिडी धरा म्हणण्याची पाळी गांवावर आली. याविषयीं कोणीं एकमेकांस कांहीं बोलून दाखविलेलें आम्हीं ऐकलें नाहीं.

नुकसानभरपाईचा भाग जमाखर्चाच्या अभ्यासकांनीं अवश्य पाहावा. जिल्ह्यास तातडीचे ७५ कोटि रुपये जाहीर झाले, आणि फळबागांस हेक्टरी ५०,००० रुपये असा दर ठरला. हेक्टर म्हणजे सुमारें शंभर गुंठे. किनाऱ्यावरची वाडी वांटण्या होत होत पांच-दहा गुंठ्यांवर आलेली, आणि तेवढ्यांत पोफळी शेंकड्यांनीं मोजाव्या. गुंठ्यास पांचशें रुपये या हिशेबानें दहा गुंठ्यांच्या धन्यास पांच हजार मिळावे. पडलेली झाडें उचलण्याची मजुरीहि त्यांत भागत नव्हती. ओरड झाल्यावर झाडागणिक दर आला: पोफळीस ५० रुपये, माडास २५०. पोफळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. घाटावरील शेताच्या मापानें कोंकणची वाडी मोजली म्हणजे असें होतें; ही चूक नवी नाहीं, जमाबंदीच्या जुन्या वादांत तिचे पूर्वज सांपडतील.

त्या वर्षीं गणेशचतुर्थी २२ ऑगस्टास होती. १२ ऑगस्टापूर्वीं यावें व दहा दिवस घरांत वेगळें राहावें, त्यानंतर येणारानें तपासणीचा दाखला आणावा, असा सरकारी नियम झाला. चौदाचे दहा झाले, आणि दहा हा आंकडा कोंकणी माणसास समजावून सांगावा लागला नाहीं. घरगुती मूर्ति दोन फुटांची असावी असाहि नियम होता, पण येथील घरांत ती बहुधा तेवढीच असते. कड्यावरचा गणपति इतर देवळांप्रमाणें मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत दर्शनास बंद होता.

आतां जें सांगण्यासाठीं हें टिपण लिहावयास घेतलें तें सांगतों. निसर्ग वादळांत छपरें गेलीं तेव्हां माळ्यावरचीं दप्तरें भिजलीं. टाळेबंदीमुळें आमच्यापैकीं कोणी तेथें वेळेवर पोंचूं शकलें नाहीं. नंतर दोन-तीन घरांतील गठ्ठे आम्हीं पाहिले, त्यांत एक विलक्षण प्रकार दिसला. काजळाच्या शाईनें देशी कागदावर लिहिलेल्या पोथ्या व जुने व्यवहारपत्र डागाळले, चिकटले, पण वाचतां येत होते. विसाव्या शतकाच्या आरंभींचीं कार्डें, मुंबईहून आलेलीं खुशालीचीं पत्रें, वाण्याच्या वह्या, मनीऑर्डरींच्या पावत्यांमागचा मजकूर, हीं सर्व पातळ निळ्या शाईनें लिहिलेलीं, व ती शाई पाण्यांत विरघळून गेली होती. शिसपेनीनें लिहिलेलें तेवढें शाबूत. म्हणजे ज्या कागदांचा संग्रह करण्यास आपण नेहमीं धांवतों ते बरेचसे वांचले, आणि १९१८ सालीं घरांत कोण पडलें, कोण उठलें, पैसे किती आले, हें ज्यांत होतें ते कागद गेले. आपल्या संग्रहांत त्यांस कधीं जागा नव्हती, म्हणून ते माळ्यावर राहिले होते.

तेंच पुन्हां होऊं घातलें आहे. २०२० चें बरेचसें लिखाण कागदावर नाहींच. तें भ्रमणध्वनींत आहे, आणि फोन बदलला कीं जातें. तथापि कागदावर आहे तेंहि थोडें नाहीं. शाळेंत ठेवलेल्यांची नोंदवही, ग्राम कृतिदलाच्या सूचना, नाक्यावर दाखविलेला परवाना, आंब्याच्या पेट्यांची हातांनीं केलेली यादी, वाण्याची त्या तीन महिन्यांची उधारीची वही, पडलेल्या पोफळींचा पंचनामा. आज याची किंमत रद्दीची आहे. सरकारी कचेऱ्यांतील अल्प मुदतीचे कागद ठराविक वर्षांनीं नष्ट करण्यांत येतात, व त्यांतील कांहींची मुदत भरतहि आली असेल.

सभासदांपैकीं जे दापोली, मंडणगड, गुहागर या बाजूस राहतात त्यांनीं आपल्या गांवच्या शाळेंत व ग्रामपंचायतींत एकदां जाऊन, परवानगीनें, या वह्यांच्या नकला किंवा छायाचित्रें घ्यावीं. त्यांत रुग्णांचीं नांवें असतील तेथें तीं झांकूनच नकल करावी. भिजलेले गठ्ठे कोणाकडे अजून बांधलेले असतील तर ते ओढून सोडवूं नयेत व उन्हांत घालूं नयेत. सावलींत, वाऱ्यावर, मध्यें टिपकागद घालून एकेक पान सुटेल तसें सोडवावें. निळी शाई पुसट झालेलीं कार्डें कोरीं समजून टाकूं नयेत, तिरप्या उजेडांत टांकाचा दाब पुष्कळदां दिसतो. असे कागद ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. पाहावयास आम्ही स्वतः येऊं.